मुंबईचे नगरसेवक सर फिरोजशहा मेहता

फिरोजशहा मेहता हे नाव आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना माहीत असते ते बहुधा एका रस्त्यामुळे आणि एका बागेमुळे. फोर्टातला पी. एम. रोड त्यांच्या नावाचा, आणि मलबार हिलवरच्या ज्या हँगिंग गार्डनला आपण शाळेच्या सहलीला जात होतो, तिचे खरे नाव फिरोजशहा मेहता उद्यान. बॉबलिंगेनच्या वर्गातल्या मुलांना यातले काहीच ठाऊक असायचे कारण नाही. म्हणून मुलांनो, सुरुवातीपासून सांगते.

इतिहासाच्या पुस्तकात फिरोजशहांची ओळख वेगळी दिलेली असते. १८९० साली ते काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष होते. व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात ते निवडून गेले. १९०४ साली सरकारने त्यांना सर केले आणि शेवटच्या वर्षी ते मुंबई विद्यापीठाचे व्हाइस चान्सलर झाले. हे सगळे खरे आहे. पण त्यांचा जीव ज्यात गुंतला होता ती जागा म्हणजे मुंबईची नगरसभा, आपली जुनी माणसे जिला म्युन्शिपाल्टी म्हणत ती. १८७३ साली तिथे शिरले ते १९१५ साली देह ठेवेपर्यंत तिथेच राहिले. बेचाळीस वर्षे गटारे, नळ, दिवे, कर आणि शाळा यांच्या हिशेबात एवढ्या मोठ्या बॅरिस्टराने घालवली. ती का, हेच या पाठात पाहायचे आहे.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत झाला. घर पारशी व्यापाऱ्याचे, खाऊनपिऊन सुखी. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ साली ते बी. ए. झाले आणि लगेच एम. ए. झाले. पारशांमधले ते पहिले एम. ए. कॉलेजचे प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या मुलावर फार लोभ. त्याच सुमारास रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय या धनिकाने हिंदी तरुणांना बॅरिस्टरीसाठी विलायतेला पाठवण्याकरता मोठी रक्कम दिली होती. ग्रँटसाहेबांनी फिरोजशहांचे नाव पुढे केले आणि ते लंडनला लिंकन्स इनमध्ये दाखल झाले.

आता मध्येच एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यातून निघते. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा मावेना. समुद्र बुजवण्याच्या कंपन्या, बँका, शेअर, आणि सगळा सट्टा. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि रात्रीत सावकार भिकेला लागले. रुस्तमजीही त्यात बुडाले, आणि शिष्यवृत्तीचा झरा आटला. फिरोजशहांनी तरीही अभ्यास पुरा केला आणि १८६८ साली बॅरिस्टर होऊन परतले. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींच्या घरी त्यांची ऊठबस होती. बद्रुद्दीन तय्यबजी, व्योमेशचंद्र बॅनर्जी ही मंडळी तिथेच भेटली. सार्वजनिक कामाचे बी त्या घरात पडले असे म्हणायला हरकत नाही.

परत आले तेव्हा मुंबई कशी होती? सट्ट्याच्या काळात माणसे लोटली होती, आणि गटारे मात्र जुनीच. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे जे. पी., या मानकऱ्यांच्या मंडळाकडे दिला होता. हे मानकरी सरकार नेमत असे. कोणाला किती वर्षे ठेवायचे याला मर्यादा नव्हती, आणि त्यांनी कुणाला जबाब द्यायचा यालाही नव्हती. प्रत्यक्ष काम करायला सरकारने एक कमिशनर नेमला, त्याचे नाव ऑर्थर क्रॉफर्ड. या गृहस्थाने घाण उपसली, रस्ते केले, बाजार बांधले. ज्याला आपण क्रॉफर्ड मार्केट म्हणतो ती मंडई त्याच्याच कारकिर्दीतली, १८६९ सालची. (आता तिला महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव आहे, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून क्रॉफर्ड काही जात नाही.) काम झाले, पण पैसा पाण्यासारखा गेला. कर वाढले, कर्ज झाले, आणि जे. पीं.च्या मंडळाला पत्ताच नाही. १८७१ साली करदाते खवळले. घरमालक, व्यापारी, वकील, सगळे एका सुरात क्रॉफर्डच्या नावाने ओरडू लागले.

नोव्हेंबर १८७१ मध्ये धोबी तलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सभा भरली. सव्वीस वर्षांचे फिरोजशहा तिथे निबंध वाचायला उभे राहिले. लोकांना ऐकायचे होते की कमिशनर चोर आहे, त्याला हाकला. फिरोजशहांनी सांगितले ते भलतेच. त्यांचे म्हणणे असे की, एका जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती अंमल असणे हे वाईट नाही. उलट दहा जणांच्या कमिटीने अंमल चालवायला घेतला तर कोणाचेच कोणाला ओझे राहत नाही. दोष आहे तो त्या अधिकाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या मंडळात. सरकारने नेमलेले मानकरी हिशेब विचारणार कशाला? तेव्हा मंडळ बदला. कर भरणाऱ्यांनी निवडलेली सभा आणा, पैसा मंजूर करण्याची सत्ता तिला द्या, हिशेब तपासायला वेगळा माणूस ठेवा, आणि मग कमिशनरला काम करू द्या.

सभेत गोंधळ माजला. शिट्ट्या आणि आरडाओरड. क्रॉफर्डचा वकील म्हणून त्यांची हुर्यो झाली. स्वतःच्याच बाजूच्या लोकांनी तोंड बंद करायला लावणे तरुण माणसाला किती झोंबत असेल ते वेगळे सांगायला नको. त्यांनी मत बदलले नाही. पुढे क्रॉफर्डसाहेब दुसऱ्या हुद्द्यावर असताना लाचलुचपतीच्या मोठ्या प्रकरणात अडकले, तेव्हा कोणी म्हणेल की लोकांचाच संशय खरा होता. मला वाटते दोन्ही खरे होते. माणूस धुतल्या तांदळासारखा नव्हता, आणि व्यवस्थाही मोडकी होती. फिरोजशहा व्यवस्थेबद्दल बोलत होते.

पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, नवा कायदा आला आणि त्याचा साचा बराचसा त्या हुर्यो झालेल्या निबंधासारखा निघाला. चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन. त्यांतले बत्तीस, म्हणजे निम्मे, करदात्यांनी निवडलेले. सोळा जे. पीं.नी निवडायचे, सोळा सरकारने नेमायचे. हिंदुस्थानात एवढी निवडणूक तोवर क्वचितच कुठे होती. १८७३ साली पहिली सभा बसली, आणि तिच्यात फिरोजशहा होते.

बॉबलिंगेनमध्ये राहणाऱ्या मुलांसाठी थोडे थांबते. इथल्या नगरसभेला गेमाइंडराट म्हणतात, हे तुम्हाला शाळेत शिकवतात. तिचे सभासद पाच वर्षांसाठी निवडले जातात, सोळाव्या वर्षापासून मत देता येते, आणि एकाच उमेदवाराला तीनपर्यंत मते देण्याची सोय आहे. शहराचा मुख्य अंमलदार म्हणजे ओबरब्युर्गरमाइस्टर. त्याला लोक स्वतः निवडतात, आठ वर्षांसाठी, आणि तोच सभेचा अध्यक्षही असतो. मुंबईत तसे नव्हते आणि आजही नाही. तिथे कमिशनर सरकारने पाठवलेला, आणि समोर लोकांची सभा. एकाकडे काम करण्याची सत्ता, दुसऱ्याकडे पैशाची किल्ली. या दोघांत मोठे कोण, हा प्रश्न फिरोजशहांच्या सबंध आयुष्याला पुरला.

बॅरिस्टर म्हणून त्यांची वकिली मुंबईपेक्षा बाहेरगावी जास्त चालली. गुजरात आणि काठेवाडातल्या संस्थानांचे खटले, मोठी फी, दिवसेंदिवस प्रवास. तरी सभेच्या कामात ढिलाई नसे. सभासदांना छापील कागदांचे गठ्ठे येत. बहुतेक जण ते तसेच परत नेत, आणि हे वाचून येत. सोबतीला दिनशा वाच्छा होते. आकडे वाच्छांनी खोदून काढायचे आणि वार फिरोजशहांनी करायचा, अशी ती जोडी होती. कपड्यांचा आणि मिशांचा त्यांना भारी शौक. सावकाश उठणारा, सावकाश नटणारा माणूस. पण बोलायला उभे राहिले की गोरे अधिकारी सावरून बसत. आवाज दमदार, विनोद बोचरा. लोक त्यांना मुंबईचा सिंह म्हणत, आणि अनभिषिक्त राजाही म्हणत. हे दुसरे नाव सगळेच प्रेमाने घेत नसत.

१८८४ आणि १८८५, अशी सलग दोन वर्षे ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. तेव्हा महापौर हा शब्द नव्हता, तो १९३१ साली आला. लॉर्ड रिपन व्हाइसरॉय होते आणि गावोगावच्या लोकांना आपला कारभार आपण करू द्यावा या मताचे होते. डिसेंबर १८८४ मध्ये बोरीबंदरसमोर कॉर्पोरेशनच्या नव्या इमारतीचा पाया रिपनसाहेबांच्या हस्ते घातला गेला. ती घुमटाची इमारत स्टीव्हन्स नावाच्या वास्तुकाराने उभी केली, समोरचे रेल्वे स्टेशनही त्याचेच. इमारत १८९३ साली पुरी झाली आणि आजही पालिका तिथेच बसते.

पण दगडांपेक्षा टिकाऊ निघाला तो कायदा. १८८७ च्या सुमारास सरकारने मुंबईच्या कारभाराचा नवा मसुदा आणला. मूळ मसुद्यात कमिशनरचा हात वर आणि सभेचा खाली, असा कल होता. फिरोजशहा आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग, दोघेही तेव्हा मुंबईच्या कायदे कौन्सिलात होते. तेलंग म्हणजे आपल्या मराठी मुलखातले मोठे विद्वान, पुढे हायकोर्टाचे जज्ज झाले. तेलंग, तय्यबजी आणि मेहता, एक हिंदू, एक मुसलमान आणि एक पारशी, हे त्रिकूट तेव्हा मुंबईचे सार्वजनिक जीवन चालवत असे. दोघांनी कलमागून कलम लढवले. १८८८ साली कायदा झाला तेव्हा शहराच्या कारभाराची धनी कॉर्पोरेशन हे त्यात पक्के झाले. सभासद बहात्तर झाले. छत्तीस वॉर्डांतून निवडलेले, सोळा जे. पीं.चे, दोन विद्यापीठाचे, दोन चेंबर ऑफ कॉमर्सचे, आणि सोळा सरकारचे. रोजच्या पैशाच्या कामासाठी बारा जणांची स्टँडिंग कमिटी, त्यात आठ सभेने निवडलेले आणि तिचा अध्यक्ष कमिटीनेच निवडायचा. आधीच्या कायद्यात असा अध्यक्ष सरकार नेमत असे. कागदावर हा फरक लहान दिसतो. ज्याने कधी संस्थेत काम केले आहे त्याला विचारा, अध्यक्ष कोण नेमतो यावर काय काय अवलंबून असते!

याच कायद्यात प्राथमिक शिक्षण हे पालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरले. मी शिक्षिका असल्यामुळे हे कलम मला इतर सगळ्यांपेक्षा मोलाचे वाटते. मुंबईच्या चाळींतून ज्या मराठी, गुजराती, उर्दू म्युनिसिपल शाळा निघाल्या, फी न देता लाखो गरिबांची मुले जिथे अक्षर शिकली, त्यांच्या मुळाशी ते कलम आहे. आपल्या समाजातल्या किती जणांची बाराखडी अशा शाळेत झाली, हे आजीआजोबांना विचारा.

शिक्षणाशी जोडलेला दुसरा झगडा पोलिसांचा होता. सरकार म्हणे, शहराच्या पोलिसांचा खर्च पालिकेने द्यावा. फिरोजशहा म्हणत, पोलिसांवर आमचा काडीचा अधिकार नाही, मग खर्च आम्ही का द्यावा? ज्याच्या हाती हुकूम त्याने पगार द्यावा. हा वाद वर्षानुवर्षे चिघळला. शेवटी १९०७ साली तोड निघाली. पोलीस सरकारने सांभाळायचे, आणि प्राथमिक शिक्षण व दवाखान्यांचा भार पालिकेने घ्यायचा.

आता प्लेगकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात माणसे पटापट मरू लागली. हा प्लेग आहे हे पहिल्यांदा उघड सांगितले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. तेही कॉर्पोरेशनचे सभासद, गोव्याकडचे ख्रिस्ती डॉक्टर. मांडवी म्हणजे आपल्या वाडवडिलांचा मोहल्ला. सॅम्युएल स्ट्रीट तिथे, १७९६ साली दिवेकरांनी स्थापलेले जुने सिनेगॉग शाआर हारहमीम तिथे. प्लेग आपल्या दाराशी उभा होता. लोक शहर सोडून पळाले, आणि बेने इस्रायलांची अनेक कुटुंबे परत कोकणातल्या गावांकडे गेली असणार यात नवल नाही. त्या वेळी ओडेसाचे यहुदी शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले, थोड्याशा जागेत त्यांनी लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. त्यांच्यावर वेगळा पाठ व्हायला हवा, म्हणून इथे एवढेच.

प्लेगने एक गोष्ट उघडी पाडली. शहराच्या कारभाराला पंचवीस वर्षे निवडणुकीचे वारे लागले होते, तरी अंधारी, दाटीवाटीची घरे तशीच होती. सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. जुन्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, नव्या जागा मोकळ्या करायच्या. त्यात पालिकेचे प्रतिनिधी थोडे आणि सरकारचा हात मोठा. फिरोजशहांना हे मुळीच रुचले नाही. निवडलेल्या सभेच्या शेजारी एक न निवडलेली सभा उभी करून तिला शहराची जमीन आणि शहराचा पैसा देणे म्हणजे १८७१ च्या जे. पीं.ना मागच्या दाराने आत घेणे, असा त्यांचा रोख होता.

इथे मात्र त्यांची बाजू पुरी घेणे मला जमत नाही. मत कोणाला होते ते पाहा. ठराविक रकमेवर कर भरणाऱ्यांना. गिरणीतला कामगार खोलीचे भाडे देत असे, कर भरत असे मालक, म्हणून मत मालकाचे. सभेत घरमालक पुष्कळ, आणि आपल्याच चाळी पाडण्याची घाई घरमालकाला कशी असणार? फिरोजशहांची लोकसत्ता ही शिकलेल्या आणि कर भरणाऱ्या लोकांची सत्ता होती, आणि ती हळूहळू पसरेल या भरवशावर ते होते. पुण्याच्या टिळकांशी त्यांचे पटले नाही त्यालाही हेच एक कारण. रस्त्यावरच्या गर्दीवर त्यांचा विश्वास नव्हता. आणि तरीही ट्रस्टबद्दल ते म्हणत होते तेच अखेर झाले. १९३३ साली ट्रस्ट पालिकेत विलीन करण्यात आला.

१९०५ साली ते पुन्हा अध्यक्ष झाले. त्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, मुंबई बंदरात उतरणार होते. स्वागताच्या सरकारी बेतात शहराच्या अध्यक्षाला साजेशी जागा नव्हती. फिरोजशहांनी ते निमूट सोसले नाही. मान त्यांना स्वतःसाठी नको होता असे मी म्हणणार नाही, त्यांना मान आवडे. पण शहराचा पाहुणा येतो आणि शहराचा अध्यक्ष मागच्या रांगेत, हे त्यांना पटेना. सरकारला नमते घ्यावे लागले.

अधिकाऱ्यांच्या मनात हे साचत गेले असावे, कारण १९०७ साली जे घडले त्याची मुंबईत फार काळ चर्चा होती. फिरोजशहा जे. पीं.च्या सोळा जागांतून निवडून येत. त्यांना आणि त्यांच्या माणसांना पाडायचे म्हणून गोऱ्या अधिकाऱ्यांनी कट केला. पुढारी अकाउंटंट जनरल हॅरिसन. बरोबर म्युनिसिपल कमिशनर शेपर्ड, पोलीस कमिशनर गेल, आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोवाट फ्रेझर. विचार करा, ज्याच्यावर नजर ठेवायची तो कमिशनरच, नजर ठेवणाऱ्याला घालवायला निघाला! सोळा नावांची यादी केली आणि या सोळांनाच मते द्या असा धडाका लावला. सरकारी नोकरीतला जे. पी. साहेबाच्या शब्दाबाहेर कसा जाईल?

मते मोजली. यादीतले सोळाच्या सोळा आले. फिरोजशहा सतरावे.

चौतीस वर्षे ज्या सभेत बसले तिच्या दाराबाहेर ते उभे होते. सरकारने त्यांना नेमून आत घ्यावे असे सुचवणारेही निघाले. शहर पेटून उठले. एप्रिलमध्ये माधवबागेत प्रचंड सभा झाली, अध्यक्ष गोपाळ कृष्ण गोखले. गोखले फिरोजशहांना गुरुस्थानी मानत. निषेधाचे ठराव झाले, वर्तमानपत्रे तुटून पडली. पण सभेने आणि वर्तमानपत्रांनी जागा परत मिळत नसते. ती मिळाली कायद्याने. निवडून आलेल्या सोळांपैकी एक जण कायद्याप्रमाणे उभा राहायलाच पात्र नव्हता असे उघडकीस आले. प्रकरण न्यायाधीशापुढे गेले, तो सभासद रद्द झाला, आणि त्याच्या खालोखाल मते असलेले फिरोजशहा निवडून आल्याचे जाहीर झाले. ज्या १८८८ च्या कायद्याची कलमे त्यांनी आणि तेलंगांनी घासूनपुसून घेतली होती, त्याच कायद्याने त्यांना दार उघडले. तेलंग हे पाहायला नव्हते, ते १८९३ सालीच वारले होते.

आपल्यासारख्या लहान समाजाने त्यांच्याकडे पाहावे असे आणखी एक कारण आहे. पारशी मूठभर. सरकारदरबारी त्यांचे वजन, व्यापारात पैसा. पुष्कळ पारशी म्हणत, आपण या हिंदी राजकारणात कशाला पडावे? आपले वेगळे बरे आहे. काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून १८९० साली फिरोजशहांनी याला उत्तर दिले. त्यांचा आशय असा की, पारशाने आपला धर्म पाळावा, आपली ओळख जपावी, पण ज्या भूमीने आसरा दिला तिच्या इतर लेकरांपासून तुटून राहिल्याने तो जास्त चांगला पारशी होत नाही. सगळ्या मुंबईचे नळ आणि दिवे पाहणारा हा माणूस घरी कस्ती बांधत होता, आणि दोन्हींत त्याला विरोध दिसत नव्हता.

शेवटच्या काही वर्षांत कामाचा झपाटा कमी झाला नाही. १९११ साली सोराबजी पोचखानवाला यांनी सेंट्रल बँक काढली, तिचे पहिले अध्यक्ष फिरोजशहा. १९१३ साली त्यांनी बाँबे क्रॉनिकल हे इंग्रजी दैनिक सुरू करवले. १९०७ सालचा धडा लक्षात होता, शहराच्या बाजूने बोलणारे पत्र हवे होते. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी आफ्रिकेतून परतले तेव्हा मुंबईने त्यांचा सत्कार केला, त्या समारंभाचे अध्यक्ष तेच. त्याआधी १८९६ सालीही, नवख्या गांधींचे भाषण ज्या सभेत झाले आणि आवाज पोहोचेना म्हणून वाच्छांनी ते वाचून दाखवले, तिचेही अध्यक्ष फिरोजशहाच होते. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी फिरोजशहा वारले, तेव्हा त्यांचे वय सत्तर होते.

१९२३ साली पालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा बसवला. त्याच सुमारास मताचा हक्कही थोडा खाली उतरला. भाडे देणाऱ्यांनाही मत मिळू लागले, बायका सभासद झाल्या, त्यांत सरोजिनी नायडूही होत्या. १९३७-३८ मध्ये महापौराच्या खुर्चीवर बसले आपल्या बेने इस्रायल समाजाचे डॉ. ई. मोझेस. महालक्ष्मीकडून वरळीकडे जाणारा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. सगळ्या प्रौढांना, कर भरत असोत वा नसोत, पालिकेसाठी मत देता आले ते १९४८ साली. १८८८ चा तो कायदा दुरुस्त होत होत अजून चालू आहे.